डोक्यावर काही घालू नये

गार्गीला फिजीला जायचंय हे कळलं तेव्हा मी आधी नकाशात फिजी शोधलं आणि मग कपाळाला हात लावला. मोहरीची वाटी पाण्यात सांडावी तशी बेटं. म्हटलं, "अगं, तिथे आहे काय?" तर म्हणते, "गाव आहे. शाळेची लायब्ररी लावायची, लहान मुलांना वाचायला शिकवायचं. गावातल्याच एका घरी राहायचं." घरी भांडं विसळायला सांगितलं तर ऐकू येत नाही, आणि निघाली फिजीच्या मुलांना शिकवायला.

पण मी हो म्हटलं. ए लेव्हल्स झाल्या होत्या, युनिव्हर्सिटी सुरू व्हायला वेळ होता, आणि खरं सांगते, गेल्या चार वर्षांत ही मुलगी आपणहून कुठे जायचं म्हणाली नव्हती. स्विमिंग सोडलं, नेटबॉल सोडला, मैत्रिणींच्या घरी झोपायला जाणं सोडलं. पंधराव्या वर्षी तिचे केस गेले तेव्हापासून.

चाई म्हणतात आपल्याकडे. पण चाई म्हणजे कशी, डोक्यावर एखादा गोल पडतो आणि वर्षभरात भरून येतो. हिचं तसं नाही झालं. आधी कानामागे, मग टाळूवर, मग एका महिन्यात सगळंच. भुवयासुद्धा. डॉक्टर म्हणाले बाकी पोरगी ठणठणीत आहे, कशाची भीती नाही, फक्त केस परत येतील की नाही सांगता येत नाही. मी कांद्याचा रस चोळला, माक्याचं तेल लावलं, पुण्याहून वैद्यांचा काढा मागवला. विग आणला, पण सिंगापूरच्या या उकाड्यात त्याखाली डोकं शिजतं. शेवटी स्कार्फ. रोज सकाळी मी तिला तो बांधून द्यायचे, मागे गाठ, कानावरून एक पट्टी, असा की कुणाला वाटावं फॅशनच आहे. दाराची बेल वाजली की आम्ही दोघी आधी स्कार्फ शोधायचो आणि मग दार उघडायचो. तिचं डोकं उघडं पाहिलेली माणसं या जगात तीनच, मी, तिचे डॉक्टर आणि संजीव. संजीव म्हणजे माझा नवरा. तो जहाजावर चीफ इंजिनियर, त्यामुळे त्यानेही पाहिलं ते अधूनमधूनच.

आणि सगळीकडे सांगून ठेवायचं काम माझं. शाळेत प्रिन्सिपलना भेटून मीच सांगून ठेवलं, की हिला स्कार्फची परवानगी द्या आणि वर्गात विचारू नका. बिशानच्या आमच्या ब्लॉकमधल्या काकूंना सांगून ठेवलं, भारतात जायच्या आधी नणंदेला सांगून ठेवलं. माझा स्वभावच तो. पोरगी पोचायच्या आधी माझा शब्द पोचलेला असायचा. कुणी काही बोलून जाण्यापेक्षा आपण आधी बोलावं, एवढंच माझं म्हणणं.

तर, पॅकिंग. फिजीच्या गावात बायका सुलू नेसतात, म्हणजे कमरेला गुंडाळायचं लांब कापड, गुडघे झाकले पाहिजेत. खांदेही झाकलेले हवेत. हे ऐकून मी खूश झाले. म्हटलं, चला, कुठल्यातरी देशाला अक्कल आहे. लगेच कपाटातून माझे सहा सुती परकर काढले. पुण्याच्या टेलरने शिवलेले, पक्क्या रंगाचे, धुवून आणखी मऊ झालेले.

"हे घे. घोट्यापर्यंत येतात. नाडी आहे, सुटायची भीती नाही."

गार्गीने परकर दोन बोटांत धरला. "आई, दॅट्स अंडरवेअर!"

"तिथे कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना! गावाच्या चीफसमोर मी पेटीकोटमध्ये बसू? आईयो, आई, सीरियसली ला."

आणि हसायला लागली. इतकी हसली की बेडवर पडली. मी वरवर चिडले, पण मनात म्हटलं, हस बाई, पाहिजे तर आणखी दहा परकर काढते.

मग आम्ही लिटिल इंडियात गेलो. सेरंगून रोडवरच्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात तिने कापड घेतलं, निळ्यावर पांढरी फुलं. जीन्सवरूनच गुंडाळून आरशात पाहिलं. बाह्यांचे सैल शर्ट घेतले. चीफला भेटायला जाताना यांगोना नावाच्या झाडाच्या मुळ्या घेऊन जायच्या असतात, आपण नारळ-सुपारी नेतो तशा. त्या तिथेच पोचल्यावर मिळणार होत्या. पाठीवरची सॅक गावात शिरताना हातात घ्यायची, मांडी घालून बसायचं, पाय पसरायचे नाहीत, सगळं मला चालता चालता सांगत होती. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली होती, मला आठवेना. मी तेवढ्यात सुती स्कार्फांच्या रॅकपाशी गेले आणि चार उचलले.

"ते नको," ती म्हणाली.

"अगं, तिथे धुवायची काय सोय असेल? जास्त असलेले बरे."

"नको म्हटलं ना."

मी ठेवून दिले. म्हटलं, असतील तिच्याकडे पुरेसे.

पुढच्या आठवड्यात ती, या मुलांना फिजीला पाठवणाऱ्या संस्थेच्या ट्रेनिंगला गेली होती, मी तिची बॅग भरत होते. संस्थेकडून आलेली सूचनांची मेल तिने मला पाठवली होती, ती फोनवर उघडून एकेक वस्तू आत टाकत होते. टॉर्च, डासांचं क्रीम, पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख. मग खाली गावात वावरण्याचे नियम होते. गॉगल लावू नये. कुणाच्या डोक्याला हात लावू नये. गावात डोक्यावर काही घालू नये: टोपी, कॅप, स्कार्फ, तो चीफचा अपमान समजला जातो.

मी ती ओळ परत वाचली.

काय मेला उलटा न्याय आहे! माझ्या सासूबाई मोठ्या माणसांसमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय यायच्या नाहीत, आणि इथे मान द्यायचा तर डोकं उघडं टाकायचं. आणि माझी पोरगी? तिने वाचलं नसणार, मला खात्री होती. हिचं वाचणं म्हणजे वरवर बोट फिरवणं. तिथे जाऊन उभी राहील, सगळे टोप्या काढतील, आणि हिला कळेल. ग्रुपमधली नऊ मुलं बरोबर, सगळं गाव समोर. संजीवला फोन लावला, तर तो हिंदी महासागरात कुठेतरी, लागेना.

माझी स्मिताशी ओळख होती. गणपतीत आम्ही दोघी मोदकांच्या ड्यूटीवर असायचो, आणि ती याच संस्थेच्या ऑफिसात काम करत होती, तोआ पायोहला. दुसऱ्या दिवशी मी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, डबा घेतला आणि तिच्याकडे गेले. गार्गीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि लाजून नको म्हणणाऱ्या पोरांचं ऐकत बसलं तर झालंच.

"स्मिता, एक गोष्ट तुझ्या कानावर घालून ठेवते," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. सांगताना रडले, तेही सांगते.

स्मिताचे डोळे भरून आले. "अगं नीता, आधी नाही का सांगायचं! तू काळजीच सोड. मी आजच गावाशी बोलते. मेडिकल कारण आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

"पण फार गाजावाजा नको हं."

"छे गं, माझ्यावर सोपव."

मी खाली हॉकर सेंटरमध्ये एकटीने बसून चहा प्यायले. इतकं हलकं वाटलं, की खरंच सांगते, नारळाचा गोड जॅम लावलेला एक काया टोस्टही खाल्ला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी भाजी निवडत होते. गार्गी खोलीतून बाहेर आली. घरात असल्यामुळे स्कार्फ नव्हता. हातात फोन. तिने तो माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

ग्रुपवर स्मिताचा मेसेज होता. इंग्लिशमध्ये, शेवटी हृदयाची चित्रं. की आपल्या ग्रुपमधल्या गार्गीला एक मेडिकल कंडिशन आहे, ज्यामुळे तिला केस नाहीत. गावाने अतिशय मोठ्या मनाने तिला स्कार्फ घालायची खास परवानगी दिली आहे. गावातल्या सर्वांना सांगितलेलं आहे, कुणी तिला प्रश्न विचारणार नाही, कुणी बघणार नाही. आपणही सगळे तिच्या पाठीशी उभे राहू या. खाली मुलांचे मेसेज. सो ब्रेव्ह. वी लव्ह यू गार्गी.

"स्मितामावशीला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"अगं, तू ती मेल नीट वाचली नव्हतीस. तिथे स्कार्फ चालत नाही. मी बघून घेतलं सगळं, आता तुला..."

"मी वाचली होती, आई."

"मग?"

"मी ते फॉर्म भरायच्या आधीच वाचलं होतं, म्हणून तर फिजी घेतलं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "दुसरे ऑप्शन्स होते. नेपाळ होतं, कंबोडिया होतं. मी फिजी घेतलं, बिकॉज तिथे रूल आहे. सगळ्यांनी काढायचं. मी पण काढणार होते. मला डिसाइड करायला लागणार नव्हतं, कुणाला एक्स्प्लेन करायला लागणार नव्हतं. जस्ट रूल. तिथे मला कोणी ओळखत नाही. फक्त एक मुलगी आली, तिला केस नाहीत, सो व्हॉट, बसा, जेवा." ती थांबली. "आता त्यांना सांगितलंय माझ्याकडे बघायचं नाही."

हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मी म्हटलं, "थांब, मी स्मिताला फोन करते, सांगते की..."

"नको!" आता मात्र ती ओरडली. "तू आता काही करू नको. प्लीज. काहीच करू नको."

ती खोलीत गेली, दार लावलं. मी काय केलं असेल? स्मितालाच फोन केला. दुसरं येतं काय मला? गॅलरीत जाऊन, दबक्या आवाजात. म्हटलं, ती परवानगी मागे घेता येईल का? म्हणजे आधी होतं तसंच करता येईल का?

"मागे?" स्मिता हसली. "अगं, चीफने स्वतः सगळ्या गावाला एकत्र बसवून सांगितलंय. ज्या घरी ती राहणार आहे ना, तिथल्या बाईंनी तर तिच्यासाठी स्कार्फ शिवायला घेतलाय म्हणे. किती गोड माणसं! आता नको म्हटलं तर त्यांना काय वाटेल? गार्गी ऑकवर्ड होतेय का? होईल गं सवय. आम्ही सगळे आहोत ना."

शिव्या द्याव्यात असं तिने काही केलं नव्हतं. मी सांगितलं तेच केलं होतं, आणि चारपट केलं होतं.

रात्री जेवणाआधी संजीवचा फोन लागला. त्याला सगळं सांगितलं. चित्र अडकत होतं, त्याचं तोंड उघडंच्या उघडं राहायचं आणि आवाज मागून यायचा. "नीता, तू आता गप्प बस," तो म्हणाला.

"अरे पण पोरीचं..."

"गप्प बस म्हणजे गप्प बस. तिला फोन दे."

मी दार वाजवून फोन आत दिला. दाराबाहेर उभी राहिले, का म्हणाल तर मला राहवलं नाही. संजीव बोलत होता, ती हं हं करत होती. मग तिचा आवाज आला, "नाही बाबा, जाणार आहे. तिने केलं म्हणून मी का नाही जायचं?" मी पदराने डोळे पुसावेत तर अंगात टी-शर्ट. बाहीने पुसले.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला एकच सांगितलं. "एअरपोर्टला यायचं तर ये. पण एक शब्द बोलायचा नाही. माझ्याशी पण नाही, कुणाशीच नाही. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. न जमून सांगते कुणाला!

निघायच्या दिवशी दुपारी मी आवरून बाहेर बसले होते. पंजाबी ड्रेस घातला, ओढणी घेतली, पोरीला निरोप द्यायला जाताना जरा बरं दिसावं म्हणून. खोलीचं दार उघडलं. गार्गी बाहेर आली. बाह्यांचा शर्ट, लांब स्कर्ट, हातात सॅक. आणि डोकं उघडं.

माझ्या तोंडातून स्कार्फ हा शब्द बाहेर पडायला आलाच होता. दातांनी धरला.

"चल," ती म्हणाली.

लिफ्टमध्ये शेजारच्या काकू होत्या. त्यांनी पाहिलं, मग नंबरांकडे बघायला लागल्या. बिशानच्या स्टेशनात एक लहान मुलगा आईचा हात ओढून दाखवायला लागला, आईने त्याचा हात खाली ओढला. गाडीत समोरची बाई फोन बघता बघता दोनदा वर पाहून गेली. पोरीच्या मानेवर, जिथे गाठ यायची तिथे, कातडी जरा फिकट होती. चार वर्षं उन्हाने पाहिलीच नव्हती ना. आणि गार्गी? गार्गी दांडी धरून उभी. पाया लेबरला गाडी बदलताना ती जरा पुढे चालत होती, पाठ ताठ, आणि माझ्या लक्षात आलं की ही पोरगी कुठेही आडोसा शोधत नाहीये. तानाह मेराहला तिने माझ्याकडे पाहिलं. बारीकसं हसली. मी शब्द पाळला म्हणून असेल. इतकं बरं वाटलं मला! म्हटलं, फिजीला जायची वाट न बघता हिने इथेच काढला की. माझ्या उद्योगाने तिचं काही अडलं नाही. त्या एवढ्या प्रवासात मी सगळ्या देवांचे आभार मानून झाले.

चांगीला आत शिरलो. दूर चेक-इनच्या रांगेशी त्यांचा ग्रुप उभा होता. मला आधी कळेचना काय आहे ते, नुसते रंग दिसले. मग दिसलं.

सगळ्यांनी डोक्याला स्कार्फ बांधले होते. नऊच्या नऊ मुलांनी. कुणी बाटिकचे, कुणी फुलांचे, एका उंच मुलाने तर मोठा रुमाल, मागे गाठ मारून. मध्ये स्मिता, तिच्याही डोक्याला रेशमी स्कार्फ. आणि एक पांढरा बोर्ड, त्यावर रंगीत अक्षरांत गार्गीचं नाव.

"सरप्राइज!" स्मिता ओरडली, आणि तिचा आवाज मध्येच बसला.

कारण आता त्यांना गार्गी दिसली होती.

एका मुलीने हात डोक्याकडे नेला, सोडू की नको अशी गाठ चाचपली आणि परत खाली घेतला. उंच मुलगा लाल झाला. स्मिताने माझ्याकडे पाहिलं, तू सांगितलं नाहीस का, अशा नजरेने. काय सांगणार होते मी? मला बोलायचीच बंदी. मनात मात्र किंचाळत होते, काढा रे ते, काढा सगळ्यांनी, आत्ताच्या आत्ता! एका शब्दाचं काम होतं. आणि तो शब्द मी उच्चारला असता तर परत मीच असते, तिच्या आधी पोचलेली.

गार्गी थांबली होती. मला तिची फक्त पाठ दिसत होती. मघाची ती ताठ पाठ. खांदे हळूच खाली आले. मग ती हसली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ओह माय गॉड, यू गाइज! सो स्वीट ला!"

सगळ्यांचा श्वास सुटला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. स्मिता डोळे पुसायला लागली. गार्गी माझ्याकडे वळली आणि हात पुढे केला.

"आई, ओढणी दे."

मी मान हलवली. नको, नको गं.

"दे ना," ती हळू आवाजात मराठीत म्हणाली. "त्यांनी एवढं केलंय. त्यांना वाईट वाटेल."

मी खांद्यावरची ओढणी काढली. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, रोज सकाळी राहायची तशी, मान जरा खाली घालून. माझे हात आपोआप चालू लागले, कानावरून पट्टी, मागे गाठ. गाठ दोनदा सुटली.

"घट्ट बांध, आई," ती म्हणाली. "सुटायला नको."

मी घट्ट बांधली.